चंदन नसलेले मानपत्र

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, आमच्या दैनिकाचे वाशिमचे जिल्हा कार्यालय बंद झाले. सकाळी अकोल्याहून एक छोटा टेम्पो आला. दोन संगणक, एक प्रिंटर, लोखंडी कपाट आणि पाण्याचा माठ घेऊन तो दुपारी परत गेला. माठ कार्यालयाचा नव्हता, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा होता. तो चुकून गेला. दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्याचे पान अकोल्यात तयार होऊ लागले.

कार्यालयात तेव्हा तीन माणसे होती. कार्यालयप्रमुख निवृत्तीला आले होते. त्यांनी घरी राहणे पसंत केले. जाहिराती पाहणाऱ्याला अकोल्यात जागा मिळाली. तिसरा मी. मलाही अकोल्याची जागा देऊ करण्यात आली होती, रात्रपाळीची. ती घेतली नाही. पत्नी वाशिमला परिचारिका आहे, मुलगी इथल्याच शाळेत नववीत होती, आणि अकोल्याची रात्रपाळी एकदा करून झाली होती.

मोठा भाऊ त्याच आठवड्यात घरी आला. त्याचे मंगरूळपीरला कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे, खते, फवारणीची औषधे. चहा होईपर्यंत तो सोयाबीनच्या भावाबद्दल बोलला. मग त्याने विचारले, "आता काय करशीन?"

"लिहीन."

"कोन्या पेपरात?"

"पेपरात नाही. असंच. ज्याले लागते त्याच्यासाठी."

"ज्याले लागते," भाऊ म्हणाला आणि माझ्या मुलीकडे वळला. "पोरी, तुया बापाले जरा विचार, आपल्या वाशिमात लेखन कोनाले लागते? मले तं आजलोक युरिया मागनारेच भेटले."

मुलगी हसली. पत्नी हसली नाही. ती रात्रपाळी करून आली होती.

भाऊ मग मुद्द्यावर आला. दुकानात त्याला भरवशाचा माणूस हवा होता. आमच्या भागात सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतमजूर, गुढीपाडव्याला ठरतो. पाडव्याला जुने साल संपते आणि नवे लागते. भावाने तीच मुदत दिली. "पाडव्यालोक जागा खाली ठेवतो. तवालोक जमलं तं जमलं. नाई जमलं तं ये आन बस दुकानात. म्या तुले सालदार नाई म्हनून राह्यलो बरं, समजून राह्यला ना?"

समजले होते. त्याने ही जागा दुसऱ्या कोणासाठी रिकामी ठेवली नसती. दिवाळी ते पाडवा एवढा वेळ होता. त्यात लिहिण्यावर वाशिममध्ये राहता येते हे दिसले नाही, तर पुढची वर्षे मंगरूळपीरला, खताच्या पोत्यांमध्ये जाणार होती. हे येथे आधीच स्पष्ट केलेले बरे.

लिहिण्याच्या कामापर्यंत मी सरळ रस्त्याने आलेलो नाही. बी.ए. झाल्यावर पहिली नोकरी जऊळक्याला, स्टेशनाजवळच्या एका धान्याच्या अडतीवर लागली. काम काटा लिहिण्याचे. पोते काट्यावर चढले की मापारी वजन ओरडायचा आणि ते लिहायचे. एक हंगाम ते केले. त्यानंतर मंगरूळपीरला, तहसील कार्यालयासमोरच्या एका टायपिंग सेंटरवर बसू लागलो. तिथे अर्ज, शपथपत्रे, लग्नपत्रिका, तेरवीची निमंत्रणे आणि मानपत्रे तयार होत.

सेंटरचे मालक दर्ग्याच्या बाजूला राहणारे एक गृहस्थ होते. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. मराठी टाइप करायला त्यांनी शिकवले. तोवर दोन बोटांनी चालायचे. त्यांच्या दुकानाचा एक नियम होता: कोणताही मजकूर छापायच्या आधी ज्याचा त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. गिऱ्हाइकाला वाचता येत असो की नसो. लग्नपत्रिका असली तर घरातले सगळे यायचे आणि बाकड्यावर बसून ऐकायचे. एखाद्या मावशीचे नाव राहिले असले की ती बाकड्यावरूनच ओरडायची, "आन मी मेली का?" नाव टाकले जायचे. चाचा म्हणायचे, "इथं भांडू दे. छापल्यावर भांडले तर लगन मोडते, भाऊ."

त्या दुकानात पाच वर्षे गेली. मानपत्र हा तिथला बारमाही माल होता. जिल्हा परिषदेचा शिक्षक, एस.टी.चा वाहक, ग्रामसेवक, कोणीही निवृत्त झाला की सत्कार होतो. शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीतले मानपत्र. संगणकात एक मजकूर साठवलेला होता. त्यात सत्कारमूर्ती चंदनासारखे झिजत आणि दिव्यासारखे जळत. नाव आणि हुद्दा तेवढा बदलायचा. एका पशुवैद्यकीय परिचराला आणि एका मुख्याध्यापकाला एकाच महिन्यात तेच मानपत्र मिळाले आणि दोघांनी ते घराच्या दर्शनी भिंतीवर लावले. तक्रार आली नाही.

बातमीचे काम तिथूनच लागले. वाशिमच्या कार्यालयाला मंगरूळपीरचा वार्ताहर हवा होता. वार्ताहर टायपिंग सेंटरवर बसत असेल तर बातमी टाइप होऊनच येते, एवढाच विचार त्यामागे होता. पहिली बातमी कडब्याच्या गंजीला लागलेल्या आगीची होती. 'भीषण आग' असा मथळा देऊन ती पाठवली. दुसऱ्या दिवशी कार्यालयप्रमुखांचा फोन आला.

"भीषण कोन म्हने?"

मी मथळा पुन्हा वाचला.

"मी इचारून राह्यलो, भीषण कोन म्हने? आग म्हने का तू म्हने?"

"मीच, साहेब."

"तू कोन? तुयी गंजी होती का?"

बातमी 'कडब्याची गंजी जळाली' अशी छापून आली. पुढची अनेक वर्षे साहेबांनी हेच केले. वाशिमला नेले, मग डेस्कचे काम शिकायला अकोल्याला पाठवले, परत वाशिमला बोलावून घेतले. प्रत्येक विशेषणाभोवती लाल गोल काढायचा आणि बाजूला लिहायचे: कोण म्हणे? एखादी गोष्ट कोणी सांगितली असेल तर त्याने सांगितले असे लिहायचे. कोणीच सांगितली नसेल तर लिहायची नाही. आणि छापण्याआधी मजकूर कोणालाही दाखवायचा नाही. आमदाराला नाही, सरपंचाला नाही, स्वतःच्या सासऱ्यालाही नाही. हा त्यांचा नियम चाचांच्या नियमाच्या बरोबर उलटा होता. तेव्हा ते लक्षात आले नाही, कारण दोन्ही जागी पगार वेगवेगळा मिळत होता.

या दोन माणसांचे जे देणे लागते ते येथे एकदाच नोंदवतो. एकाने टाइप करायला शिकवले, दुसऱ्याने खोडायला. तिसरे माणूस पत्नी. कार्यालय बंद झाल्यापासून पाडव्यापर्यंत घर तिच्या पगारावर चालले. त्याबद्दल तिने कधी काही म्हटले नाही. फक्त रोज सकाळी कामावर निघताना ती विचारायची, "आज कोनाले लागलं का लेखन?"

नोव्हेंबरात कोणाला लागले नाही. पुण्यातल्या दोन मासिकांना लेख पाठवले. एकाने उत्तर दिले नाही, एकाने छान आहे असे कळवले. डिसेंबरात एका बियाणे विक्रेत्याचे माहितीपत्रक लिहिले. तो विक्रेता भावाच्या ओळखीचा होता, त्यामुळे ते काम धरायचे की नाही यावर घरात मतभेद होते. भाऊ धरू नये म्हणाला.

डिसेंबरच्याच शेवटी मंगरूळपीरला गेलो असता चाचांकडे डोकावलो. सेंटर तेच होते, संगणक नवा होता. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आ गया पेपरवाला. बैठ. सुना तुझा दफ्तर टेम्पोत बसून गेलं म्हणे."

"गेलं, चाचा."

"मग काम कर एक. माझ्याकडून होऊन नाही राह्यलं." त्यांनी सांगितले ते असे. अनसिंगच्या पुढे एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका जानेवारीअखेर निवृत्त होत होत्या. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणते. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मानपत्र सांगायला आले होते. "नेहमीचं नको म्हणतात. बाईंनी सांगून ठेवलंय, चंदनाचं नाव घेतलं तर मी उठून जाईन. आजवर प्रत्येकाच्या निरोपाले त्यांनी तेच ऐकलं. आता चंदन निकाल दिया तो फ्रेम में क्या बचेगा, तूच सांग."

काम घेतले. ते बातमीसारखेच करायचे ठरवले, कारण दुसरे काही येत नव्हते.

गावात तीनदा जाणे झाले. बाईंना भेटलो नाही. समितीला ते गुपित ठेवायचे होते. शाळेत शिकून गेलेले, शिकवणारे, शाळेत पोरे पाठवणारे असे जे भेटले त्यांना विचारले. लोक आधी चंदनच बोलायचे. बाई म्हणजे देवमाणूस, बाई म्हणजे माय. मग विचारायचे, म्हणजे केले काय? मग एखादे काहीतरी निघायचे.

त्या भागात हळद असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती खणून शिजवतात, त्या दिवसांत मोठी पोरे शाळेत येत नाहीत. बाई त्या दिवसांत तिसरी-चौथीचा वर्ग दुपारी कढईजवळ, बांधावर भरवायच्या. हे एका माजी विद्यार्थ्याने सांगितले आणि दुसऱ्याने, त्याच्याशी न बोलता, दुजोरा दिला. काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. बाई निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या वस्तीवर जाऊन बसायच्या आणि पोर आजीजवळ ठेवा म्हणायच्या. एका आजीने सांगितले, "ठेवलं नाई तं हालेच ना अठून. च्या पे म्हना, पेत नोती. म्हने, पोरगी ठेव, मंग पेतो."

आणि कुलूप. ही गोष्ट तिघांनी आवाज खाली करून सांगितली. शाळेच्या मैदानातून शेतात जायची वाट होती. बैलगाड्यांच्या काळात चालून गेले. ट्रॅक्टर आल्यावर मधल्या सुट्टीत पोरे आणि ट्रॅक्टर एकाच मैदानात येऊ लागले. बाईंनी जिल्हा परिषदेकडून कुंपणाची भिंत मंजूर करून आणली आणि वाट बंद झाली. गावकऱ्यांनी शाळेला कुलूप ठोकले. बाईंनी बाहेर रस्त्याकडेला बसून वर्ग घेतले, हजेरीही घेतली. दोन दिवसांनी कुलूप निघाले. नंतर नाल्याच्या बाजूने नवी वाट झाली. कुलूप लावणाऱ्यांमध्ये आताचे समितीचे अध्यक्ष होते, हेही तिघांनी सांगितले.

ही सगळी वस्तुस्थिती होती, आणि तिला दुजोरा मिळालेला होता. ती मानपत्रात घेतली. अध्यक्षांचे नाव घेतले नाही. 'काही ग्रामस्थांनी' असे लिहिले. नवी वाट जिल्हा परिषदेने काढून दिली असे एकाने सांगितले होते, तेही घेतले. मजकूर चाचांकडे दिला. चाचांनी तो वाचला आणि विचारले, "वाचून दाखवला का त्यांना?"

"नाही दाखवत आपण."

"कौन आपण?"

"पेपरमध्ये."

"पेपर गेला ना टेम्पोत," चाचा म्हणाले. पण त्यांनी छापून दिले. मी हट्ट धरला होता.

सत्कार शाळेच्या मैदानावर, मांडवात झाला. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, समोर सतरंजीवर शाळेची पोरे. व्यासपीठावर बाई, त्यांचे यजमान, केंद्रप्रमुख, सरपंच आणि अध्यक्ष. बाई उंच, किडकिडीत. मांडीवर शाल घेऊन त्या वर्गात बसाव्या तशा ताठ बसल्या होत्या. मी मागे, जेवणाच्या मांडवाजवळ उभा राहिलो. तिथे रोडग्यांची, म्हणजे निखाऱ्यात भाजायच्या कणकेच्या गोळ्यांची, भट्टी लागली होती.

मानपत्र वाचायचा मान शाळेतल्या तरुण गुरुजींना होता. त्यांनी मजकूर आधी पाहिलेला नव्हता. आवाज मात्र मानपत्राचा लावला, उंच, थरथरता. त्या आवाजात त्यांनी पहिले वाक्य वाचले, बाई या शाळेत रुजू झाल्या तेव्हा शाळेला दोन खोल्या होत्या. मग म्हणाले, "मोठ्या बाई अत्यंत प्रामाणिक असल्याचे... त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले."

मग पुरुषांच्या बाजूने कोणीतरी म्हणाले, "म्हंजे पक्कं नाई का?" हशा पिकला. केंद्रप्रमुख रुमालाने तोंड पुसू लागले. गुरुजी गोंधळले आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले. पुन्हा हशा.

वाक्य लिहिताना त्यात काही वावगे दिसले नव्हते. विशेषण होते, ते कोणी म्हटले हे दिले होते. त्या मांडवात उभे असताना ते कसे ऐकू येते हे कळले.

हळदीच्या कढईजवळच्या वर्गापाशी बायकांची बाजू शांत झाली. ऊसतोडीच्या वाक्यावर एक-दोघींनी पदर डोळ्यांना लावला. मग गुरुजी कुलपावर आले. "शाळेच्या मैदानातून ट्रॅक्टर जात होते," हे त्यांनी चंदनाच्याच सुरात वाचले. "कुंपण घातल्याच्या निषेधार्थ काही ग्रामस्थांनी शाळेला कुलूप लावले." इथे त्यांचा सूर उतरला. त्यांनी व्यासपीठाकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. अध्यक्ष समोरच्या हाराकडे बघत होते.

त्या वेळी जे वाटले ते असे: हे पहिले मोठे काम, आणि बहुधा शेवटचे. आता पाडव्यापर्यंत थांबायचे कारण उरले नाही.

बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. ऊसतोडीची गोष्ट सांगणारी तीच आजी. "काही ग्रामस्थ काहून लिवलं?" ती ओरडली. "नाव घ्या ना! नाव घ्याले काय जीभ झडते का?"

"बस वो माय," कोणीतरी म्हणाले.

"काहून बसू? म्या पाह्यलं हाय ना!"

अध्यक्ष उभे राहिले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणे, साठीच्या पुढचे. त्यांनी गुरुजींच्या हातातला माईक घेतला. "माय, नाव कायले घ्या लागते? मी बसलो ना अठी, सगळ्याइच्या समोर. कुलूप म्याच लावलं. कुलूपबी मायंच होतं, घरचं." आणि खाली बसायच्या आधी म्हणाले, "चाबी बाईनं आजलोक वापस नाई केली."

यावर बाई हसल्या. आधी एकट्या, मग मांडव.

गुरुजींनी उरलेले भराभर वाचले. शाल झाली, श्रीफळ झाले, चौकट हातात दिली गेली. बाई बोलायला उठल्या. त्यांनी आभार मानले नाहीत. म्हणाल्या, "मानपत्र चांगले आहे. माझ्या नोकरीत मी ऐकलेल्यांपैकी फक्त यातच काय झाले ते कळते. पण यात एक चूक आहे." बाई अध्यक्षांकडे वळल्या. "नाल्याकडची वाट जिल्हा परिषदेने दिलेली नाही. जिल्हा परिषदेने माझ्या अर्जाला उत्तरसुद्धा दिलेले नाही. ती वाट यांनी दिली. स्वतःचा बांध फोडून, स्वतःच्या वावरातून. कुलूप लिहिले तर तेही लिहायला हवे. ज्यांनी हे लिहिले त्यांनी यांना विचारले नसेल."

विचारले नव्हते. कुलूप लावणाऱ्याची बाजू घ्यायला हवी होती. कोणत्याही बातमीत ती घेतली असती. मानपत्राला दुसरी बाजू असते हे डोक्यात आले नाही. आणि चाचांच्या नियमाप्रमाणे मजकूर अध्यक्षांना वाचून दाखवला असता, तर चूक बाकड्यावरच निघाली असती. दोन्ही नियम माहीत असताना दोन्हींमधून चूक निसटली होती.

जेवणाच्या पंगतीत अध्यक्ष शेजारी येऊन बसले. वरण वाढून झाल्यावर त्यांनी रोडगा फोडला आणि विचारले, "तुमीच का ते?"

"हो."

"पेपरवाले होते ना पयले?"

"होतो."

"तवाच. घरी बोलावून जेवू घातलं तरी बातमी लावता तुमी." थोडे खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "आधी दाखोलं असतं तं म्या काढाले लावलं असतं, कुलूप."

"आणि वाट?"

"वाट तं म्या सांगतलीच नसती. आपल्या तोंडानं कोन सांगते?" त्यांनी वाढप्याला हाक मारली. "ए, साहेबाले वांग्याची भाजी दे. तिखट आहे का इचारू नको, दे."

चौकट तिथूनच परत घेतली. दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरला चाचांच्या बाकड्यावर बसून मजकूर दुरुस्त केला. 'असल्याचे सहकाऱ्यांनी सांगितले' गेले. वाट ज्याची होती त्याच्या नावावर गेली, आणि या वेळी अध्यक्षांना फोन करून पूर्ण मजकूर वाचून दाखवला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "कुलूप राहू द्या आता." चाचांनी नवी प्रत छापली, तीच चौकट पुसून बसवली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. चाचांना हे जड गेले असावे.

भावाला हे सांगितले तेव्हा तो दुकानात गिऱ्हाइकाला तणनाशक देत होता. "म्हंजे पयल्याच कामात शुद्धिपत्रक," तो म्हणाला. "बरं आहे. अठी बाटली चुकली तं पीक जळते." मग गिऱ्हाईक गेल्यावर त्याने विचारले, "पन लोक हासले म्हनतं?"

"हासले."

"आन मंग रडलेबी?"

"काही."

भाऊ काउंटर पुसत राहिला.

पुढे काय झाले ते क्रमाने असे. सत्कारातल्या एका शिक्षिकेने वाचनाचे चित्रीकरण केले होते. ते शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरले. 'म्हंजे पक्कं नाई का' या वाक्यामुळे जास्त. फेब्रुवारीत पहिला फोन मालेगावहून आला. एका ग्रामसेवकांचा निरोप होता. फोन करणारा म्हणाला, "ते कुलूपवाले तुमीच ना? आमच्याबी साहेबाचं खरंखरं लिवा. पन जास्त खरं नको." मग कारंज्याहून एक, रिसोडहून दोन. एका गावाला आपल्या शाळेचा इतिहास लिहून हवा होता. एका निवृत्त वाहकाच्या मुलीला वडिलांच्या नोकरीची हकिगत घरच्यांपुरती हवी होती. ते अजूनपर्यंतचे सगळ्यात आवडते काम आहे. त्या वाहकांना प्रत्येक थांबा क्रमाने आठवत होता आणि प्रत्येक थांब्याला एक भांडण.

सगळी कामे आता एकाच पद्धतीने होतात. आधी साहेबांचा लाल गोल, मग चाचांचे बाकडे. ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याला आणि ज्याचे नाव घेतले आहे त्याला, दोघांनाही मोठ्याने वाचून दाखवायचे. साहेबांना हे सांगायला त्यांच्या घरी गेलो होतो. छापण्याआधी दाखवतो म्हटल्यावर ते बराच वेळ कुंडीतली माती उकरत राहिले. मग म्हणाले, "दाखव. पन बदलाले सांगतलं तं इचारजो, कोन म्हने?"

मार्चमध्ये बाईंच्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. कढईजवळच्या वर्गाची गोष्ट सांगणारा तोच. तो हळद उत्पादकांच्या एका शेतकरी कंपनीत कामाला होता. त्यांना सभासदांच्या शेतीबद्दल दर महिन्याला लिहून हवे होते. कोणी काय लावले, काय फसले, काय साधले. एका गावाचे नमुन्यादाखल लिहून दिले. तीन शेतकऱ्यांना त्यांच्या वावरात उभे राहून वाचून दाखवले. एकाने हळदीचे वाण चुकले म्हणून सांगितले, ते दुरुस्त केले. कंपनीने वर्षभराचे काम देत असल्याचे लेखी कळवले.

पत्नीला ते वाचून दाखवले. ती ड्युटीवर निघाली होती. चपला घालता घालता तिने पूर्ण ऐकले. "म्हंजे लागलं लेखन," ती म्हणाली. मग दारातून, "आन मायं मानपत्र कवा? चंदन चालन मले."

पाडव्याच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. मागे बाजाराचा गलका होता. तो मुलीसाठी साखरेची गाठी घेत होता.

"काय ठरलं मंग?"

"लिहितो."

"सालभर पुरन?"

"एक साल तर पुरते."

"साल म्हंजे सालच असते बापा, पाडवा ते पाडवा. कोनालेच त्याच्या पुढचं नाई भेटत." त्याने गाठीवाल्याशी काहीतरी घासाघीस केली. मग म्हणाला, "उद्या जेवाले या सगळे. पुरन टाकलं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गुढी उभारून झाल्यावर, भावाने दुकानातल्या जागेवर शेलूबाजारचा एक कृषी पदविकाधारक ठेवला. तो अजून तिथे आहे.